दोष आणि दोषी

आदिलाबादसारख्या गावी ज्याचे आयुष्य गेले, त्याला मोटारींच्या आवाजाची ओळख मुद्दाम करून घ्यावी लागत नाही. ती आपोआप होते. हैदराबादेहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावाला लागूनच आहे. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता तो ४४ झाला आहे; दिशा मात्र त्याच. दक्षिणेस निर्मलचा घाट आणि गोदावरी, उत्तरेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे गाड्यांची रीघ लागते. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या कान ओळखत असतात : हा ट्रक भरलेला, हा रिकामा, या ट्रॅक्टरचा मालक हौशी आणि त्या जीपचा कंजूष!

गंमत अशी की, निकोप इंजिनाकडे आपले लक्ष जात नाही. भजनात मृदंग नीट वाजत असतो तोवर तो वाजतो आहे याचेही भान कोणाला नसते. एखादी मात्रा निसटली, की डोळे मिटून बसलेले आजोबाही मान वर करतात. इंजिनाची अशी मात्रा निसटते तेव्हा आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारते.’ शब्द इंग्रजीतून आला खरा. पण आता तो गॅरेजच्या मातीत असा रुजला आहे की, त्याला दुसरा प्रतिशब्द देऊ नये हेच बरे.

मिसिंग म्हणजे नेमके काय, हे समजण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, दट्ट्याने ते दाबले जाते, विजेच्या ठिणगीने ते पेटते आणि त्या स्फोटाच्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो. चार सिलिंडरांच्या इंजिनात हे काम पाळीपाळीने चालते. बहुतेक गाड्यांत पाळीचा क्रम १, ३, ४, २ असा असतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्या एका मिनिटात ६,००० ठिणग्या पडाव्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००! त्यांतील काही ठिणग्या पडल्या नाहीत, वा पडूनही मिश्रण पेटले नाही, की गाडीला हिसका बसतो. न जळलेले पेट्रोल पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते आणि ‘फट्’ असा आवाज होतो. रस्त्यावरची माणसे दचकतात. गाडीचा मालक त्यांच्याहून अधिक दचकतो.

अशाच एका दचकलेल्या मालकाची हकीकत मला सांगायची आहे.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. नांदेडला महाविद्यालयात असताना माझ्या खोलीत राहणारे माझे एक स्नेही पुढे हैदराबादेस स्थायिक झाले. त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली आणि जिवापाड जपलेली एक जुनी इंग्रजी मोटार त्यांच्याकडे आहे. ‘एमजी बी’ हे तिचे नाव. दोनच आसने, लांब नाक, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी बांधणी. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या ५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ‘एमजी’ ही अक्षरे ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीच्या नावातील आद्याक्षरे आहेत. इंजिन १,७९८ घन सेंटिमीटरांचे, आणि त्याला कार्बोरेटर दोन. आज रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाड्याही तिला वेगात मागे टाकतील. पण म्हाताऱ्या पैलवानाच्या चालीत जो डौल असतो, तो तिच्यात अजून आहे.

स्नेह्यांचे वडील त्याच वर्षी निवर्तले होते. आपल्या नातीची पाठवणी या गाडीतून व्हावी, ही त्यांची इच्छा. लग्न नागपूरला होते. स्नेह्यांनी हैदराबादेतील एका कार्यशाळेत गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन निघाले. संध्याकाळी ते आमच्या घरी उतरले. गाडीवर धुळीचा थर बसला होता. म्हणून रात्री ती आमच्या ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजात ठेवली. तेथे काम शिकणाऱ्या मुलाने ती धुऊन पुसून लख्ख केली.

हा मुलगा आमच्याच शाळेचा. वर्गात मागच्या बाकावर बसून शास्त्राच्या तासाला मात्र पुढे सरकणारा. दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे त्याला शिक्षण थांबवावे लागले आणि तो मिस्त्रींच्या हाताखाली लागला. आई-वडिलांचा भार थोडा हलका झाला होता, आणि गॅरेजातील हे काम हेच त्याचे आता शिक्षण होते.

सकाळी सातच्या सुमारास स्नेही नागपूरच्या दिशेने निघाले. आदिलाबादच्या हिवाळ्यातली ती सकाळ; तोंडातून शब्दाआधी वाफ निघत होती. गाडी पहिले काही मैल झकास चालली. पण इंजिन चांगले तापले, वेग वाढला, आणि पैनगंगेचा पूल येण्यापूर्वीच हिसके बसू लागले. पुढे जाण्याचा धीर स्नेह्यांना झाला नाही. कण्हत-खोकत त्यांनी गाडी परत आणली ती थेट गॅरेजात. मलाही तेथेच बोलावणे आले.

मी पोहोचलो तेव्हा स्नेह्यांचा आवाज चढलेला होता. “रात्री गाडी ठणठणीत होती. या पोरानं पाणी मारलं, वायरी ओढल्या, आणि सकाळी ही दशा! उद्या लग्न आहे, कळतं का तुम्हाला?” मुलगा फडके हातात धरून खाली मान घालून उभा होता. “मी वायरींना हात लावला नाही,” एवढेच तो एकदा म्हणाला. पण त्या गर्जनेत ते कोणाला ऐकू जाणार? गॅरेजसमोर चार माणसे गोळा झाली होती, आणि अशा वेळी गोळा होणाऱ्यांचा निकाल नेहमी आधीच ठरलेला असतो.

मिस्त्री वयाने साठी ओलांडलेले. मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा त्यांच्या एकाच वाक्यात सुखाने नांदतात. त्यांनी मुलाची बाजूही घेतली नाही आणि त्याला रागेही भरले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पोरावर जरूर रागवा, पण अर्ध्या घंट्यानं. गाडी गरम आहे तोवर मला बघू द्या. गरम असताना दुखतं, तर गरम असतानाच बघायला पाहिजे.” मग पान्याला हात न लावता त्यांनी एक स्टूल ओढून घेतले आणि स्नेह्यांना बसायला सांगितले. “पहिले पूछो, फिर खोलो,” हा त्यांचा मंत्र मी अनेकदा ऐकला होता. तो चालताना त्या दिवशी प्रथमच पाहिला.

त्यांचे प्रश्न एखाद्या जुन्या वैद्यासारखे होते. हिसका पहिल्यांदा कधी बसला? सपाटीवर की चढावर? इंजिन थंड असताना की तापल्यावर? दम हळूहळू जातो की एकदम कोणी बटण बंद केल्यासारखा तुटतो? स्नेही प्रथम तुटक उत्तरे देत होते; पण प्रश्न नेमके असले म्हणजे राग फार वेळ टिकत नाही. आठवता आठवता ते म्हणाले, “काल निर्मल सोडल्यावर घाटात एका ट्रकला मागं टाकताना दोन-तीन झटके बसले होते खरे. मला वाटलं, पेट्रोलात काही कचरा असेल.”

मिस्त्री मुलाकडे न पाहता म्हणाले, “म्हणजे पोराच्या बादलीआधी घाट लागला होता.”

त्या एका वाक्याने गोळा झालेल्यांतील दोघे तरी निघून गेले. स्नेह्यांचे मात्र समाधान झाले नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही अगदीच तथ्य नव्हते असे नाही. घाटातील झटके पेट्रोलाचे आणि सकाळचे पाण्याचे, असे दोन वेगळे दोषही असू शकत होते. तेव्हा नुसत्या तारखांवर निकाल देऊन चालणार नव्हते; साक्ष इंजिनाचीच हवी होती.

येथे गाडीच्या विजेची वाट थोडी समजून घेतली पाहिजे. बॅटरीत असते १२ व्होल्टची वीज. एवढ्याशा दाबाने प्लगच्या टोकांतील फट ओलांडून ठिणगी उडणार नाही. म्हणून ती वीज ‘कॉइल’मध्ये जाते. ‘पॉइंट’ नावाची एक लहानशी चिमटी इंजिनाबरोबर उघडते-मिटते. ती उघडण्याच्या क्षणी कॉइलमधून १० ते २० हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होतो. ‘कंडेन्सर’ पॉइंटवर ठिणगी जळू देत नाही. आता ही प्रचंड दाबाची वीज योग्य वेळी योग्य सिलिंडरकडे पाठवायची असते. ते काम करणाऱ्या डबीला आमच्याकडे ‘डेल्को’ म्हणतात. डबीवर झाकण, झाकणाच्या मधोमध कॉइलची तार, भोवती चार प्लगांच्या चार तारा, आणि आत फिरणारा एक छोटा ‘रोटर’. देवळातील पुजारी प्रदक्षिणा घालताना चार कोपऱ्यांत क्रमाने तीर्थ देत जावा, तसा हा रोटर चार तारांना पाळीपाळीने वीज वाटीत फिरत असतो.

‘डेल्को’ या शब्दाचे कुळही मनोरंजक आहे. अमेरिकेतील डेटन या शहरी चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९०९ मध्ये ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून ‘डेल्को’ झाले, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत त्यांची विजेची योजना बसविली गेली. कंपनीचे नाव यंत्राला चिकटले आणि ते यंत्र ज्यांनी पाहिलेही नाही अशा मुलखात, आमच्या गॅरेजात, सामान्यनाम होऊन बसले!

या वाटेचे दोन भाग पडतात, आणि साऱ्या तपासाची किल्ली तेथेच आहे. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर हा सर्वांचा सामाईक रस्ता. त्यापुढील चार तारा आणि चार प्लग या ज्याच्या त्याच्या घरच्या गल्ल्या. गल्लीत खड्डा असेल तर एकाच घराची अडचण होते. रस्ता खचला तर चौघांचीही. तेव्हा पहिला प्रश्न : मिसिंग एका सिलिंडरचे आहे की साऱ्यांचे?

मिस्त्रींनी तो मुलाला विचारला. “ऐक आणि सांग.” मुलाने इंजिन चालू केले, सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा एक तुकडा धरला आणि मिस्त्रींनी पेट्रोल वाढवले. कागद फडफडू लागला. मधूनच तो अडखळे, पण त्या अडखळण्यात नियम नव्हता. मुलगा कान देऊन ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, “एकच सिलिंडर बंद असता, तर आवाज ठरलेल्या अंतरानं तुटला असता. हा कसाही तुटतो, चाचा.” मग इंजिन बंद करून त्याने चारही प्लग काढले आणि एका फळीवर क्रमाने मांडले. जो सिलिंडर मुळीच पेटत नाही, त्याचा प्लग पेट्रोलने ओला किंवा काळाकुट्ट निघतो. येथे चारही सारखेच, किंचित धुरकट. प्लगांच्या चिनी मातीला तडा नाही. तारा क्रमाने बसलेल्या. म्हणजे गल्ल्या ठीक होत्या. रस्त्यावर शोध घ्यायला हवा होता.

पेट्रोल कमी पडले तर गाडी दम लागल्यासारखी हळूहळू मंदावते. हिची ओढ मात्र एकदम तुटत होती, म्हणून संशय विजेवरच होता. डेल्कोचे झाकण उघडले. आत पाण्याचा थेंब नव्हता, ओलाव्याचा डागही नव्हता. स्नेह्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिले. ते काही बोलले नाहीत. पण त्यांच्या आवाजाचा जोर तेथेच उतरला.

मिस्त्री मला म्हणाले, “सर, जरा बिल वाचा.” मी वाचू लागलो : तेल बदलले, टॅपेट जुळवले, प्लग नवे, पॉइंट नवा, कंडेन्सर नवा, डेल्कोचे झाकण नवे, रोटर नवा. कॉइलचा उल्लेख नव्हता. सर्व्हिसिंगनंतर उद्भवलेल्या दोषात बिल हा पहिला साक्षीदार असतो, हे मला त्या दिवशी पटले. ज्याला कोणी हात लावला नाही ते नेमके त्याच दिवशी बिघडण्यापेक्षा, ज्याला हात लागला तेथे काही राहून गेले असण्याचा संभव अधिक. सामाईक रस्ता आणि बिल यांत जे दोन्हीकडे होते, ते एवढेच : पॉइंट, कंडेन्सर, झाकणाचा मधला भाग आणि रोटर.

आपल्यापैकी पुष्कळांनी येथे काय केले असते? चारही वस्तू एकदम बदलून टाकल्या असत्या. गाडी कदाचित चालूही झाली असती. पण बिघडले काय होते ते कधीच कळले नसते. मिस्त्रींनी एका वेळी एकच गोष्ट पाहिली. फीलर गेजच्या पातळ पात्याने पॉइंटची फट मोजली. ती इंचाच्या १५ सहस्रांशांची, म्हणजे हवी तेवढीच भरली. कंडेन्सर नासका असता तर पॉइंटची तोंडे जळून काळवंडली असती; ती स्वच्छ होती. झाकण उजेडात फिरवून पाहिले. विजेने आतून पाडलेली केसासारखी काळी रेघ कोठेही नव्हती. उरला तो रोटर.

रोटर दिसायला नवा कोरा, चकचकीत. मिस्त्रींनी गॅरेजचे शटर अर्धे खाली ओढले. अंधार झाला. कॉइलची जाड तार कोरड्या लाकडी चिमट्यात धरून तिचे टोक त्यांनी रोटरच्या पितळी पट्टीपासून थोडे वर ठेवले आणि मुलाला पॉइंट उघडमीट करायला सांगितले. (विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग घरी करावयाचा नाही. या विजेचा धक्का जबर असतो. जाणत्या माणसाच्या हाताखालीच तो पाहावा.) रोटर निर्दोष असेल तर त्या पट्टीकडे ठिणगी उडायला नको, कारण तेथून पुढे तिला जायला वाट नसते. खाली रोधक आहे, त्याने वीज अडते. पण पॉइंट उघडला मात्र, ‘चट्’ करून एक निळी ठिणगी पट्टीवर उतरली. पुन्हा उघडला, पुन्हा उतरली. पितळी पट्टी जिथे रिव्हेटने बसविलेली होती, तिच्याखालचा रोधकाचा पातळ थर फोडून वीज आतल्या लोखंडी दांड्यात पळून जात होती.

“आता जुना रोटर असता तर मजा आली असती,” मिस्त्री पुटपुटले.

तो होता! काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत देण्याची चांगली रीत त्या कार्यशाळेने पाळली होती. डिकीतल्या पिशवीत जुने प्लग, जुना पॉइंट आणि कडा झिजलेला जुना रोटर सापडला. तो फडक्याने पुसून बसविला. तार तेवढ्याच अंतरावर धरली. पॉइंट उघडला. अंधारात काहीच दिसले नाही. पुन्हा उघडला. काहीच नाही. काहीही न दिसल्याचा इतका आनंद मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

मग चढावर आणि तापल्यावरच हा दोष का प्रकट व्हावा? त्याचे कारण सुंदर आहे. विजेला सोपी वाट आवडते. इंजिन नुसते गुरगुरत असते तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे असते, दाब कमी असतो. प्लगची फट ओलांडणे विजेला सोपे जाते. चढावर किंवा वेग घेताना मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो, आणि तीच फट ओलांडायला अधिक जोर लागतो. त्या वेळी रोटरमधली कच्ची जागा तिला अधिक सोपी वाटते. त्यात उष्णतेने तो कच्चेपणा आणखी वाढतो. म्हणून घरच्या दारात शहाण्यासारखी वागणारी गाडी घाटात हट्टाला पेटते. माणसांचेही असेच नाही का? आपली कच्ची जागा सपाटीवर कळत नाही. चढ लागावा लागतो.

गाडी रस्त्यावर पाहणे अद्याप बाकी होते. मालक चालविणार, आणि शेजारी एकच आसन. मिस्त्रींनी हात झटकले. “माझे कान आता म्हातारे झाले. पोराला न्या.” स्नेही क्षणभर थांबले. मग त्यांनी वाकून दुसऱ्या बाजूचे दार आतून उघडले आणि म्हणाले, “बस बाळ.” मुलाने तेलकट हात पुन्हा एकदा फडक्याला पुसले, चपला काढाव्यात की काय अशा संभ्रमात तो दाराशी घुटमळला, आणि अखेर बसला. गाडी महामार्गाकडे वळली. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत होतो. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. आवाज चढत गेला आणि कोठेही तुटला नाही. तो पार विरून जाईपर्यंत मिस्त्रींनी मान एका बाजूला कलती ठेवली होती. मग त्यांनी चहा मागविला.

दुसऱ्या दिवशी नागपूरला पाठवणी ठरल्याप्रमाणे झाली.

पुढची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्नेह्यांनी परतल्यावर तो नवा रोटर कार्यशाळेत नेऊन दाखविला. तेथील लोकांनी वाद घातला नाही. त्याच खोक्यातील उरलेले रोटर त्यांनी तपासले आणि त्यांतील आणखी काही कच्चे निघाले, तेव्हा ते खोके परत पाठविले. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आज नव्याने बनविले जातात. त्यांत चांगले असतात तसे असलेही निघतात. नवे म्हणजे निर्दोष, हा समज यंत्रांच्या जगात फार महाग पडतो.

आता विचार करा. त्या सकाळी मुलाला दोषी ठरवून दोन थपडा मारल्या असत्या, त्याला गॅरेजातून घालविले असते, तर काय झाले असते? रोटर तसाच राहिला असता. गाडी पुढच्या चढावर पुन्हा अडखळली असती. कार्यशाळेतले खोके तसेच राहून त्यातला एकेक रोटर आणखी कोणाच्या गाडीत गेला असता. आणि एका होतकरू मुलाचा हात कामातून उठला असता. दोषी सापडल्याच्या समाधानात दोष मात्र सुखरूप निसटला असता. मनुष्य दोषी शोधू लागला म्हणजे त्याची नजर सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दुबळ्या माणसावर स्थिरावते. यंत्रातला दोष मात्र कोणी गरीब आहे की श्रीमंत, हे पाहून आपली जागा निवडत नाही.

नव्या मोटारींत आता डेल्को राहिलेला नाही. बहुतेकींत प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल असते, आणि एक लहानसा संगणक इंजिनाच्या दांड्याची गती मोजत बसलेला असतो. ठिणगी चुकली की त्या क्षणी गती किंचित घटते; त्यावरून तो कोणती पाळी चुकली हे ओळखतो आणि खुणेचा आकडा लिहून ठेवतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा. आणि कोणताही एक नव्हे, अनेक अनियमितपणे चुकत असतील तर पी ०३००. हे वाचले तेव्हा मला हसू आले. एका घरचे दुखणे की साऱ्यांचे, हा पहिला प्रश्न त्या महागड्या संगणकानेही सोडलेला नाही. मिस्त्रींच्या त्या मुलाने तो कागदाच्या एका तुकड्यावर सोडविला होता.

शाळेच्या भिंतींच्या आतही या प्रश्नाचा उपयोग आहे. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण एकाएकी घसरतात. घरी लगेच दोषी मिळतो : मित्रांची संगत, मोबाइल, नाही तर मुलाचा आळस. पण गुणपत्रक हातात घेऊन शांतपणे पाहिले तर? एकट्या गणितात घसरण असेल तर त्या गल्लीत शिरावे; अपूर्णांकांपाशीच कोठे तरी पाय अडकलेला सापडेल. साऱ्या विषयांत, आणि तीही अनियमित घसरण असेल तर सामाईक रस्ता पाहावा. मुलाला पुरेशी झोप मिळते का? फळ्यावरचे त्याला दिसते का? घरी कोणी आजारी आहे का? ही घसरण कधीपासून आहे, आणि त्याआधी त्याच्या आयुष्यात काय बदलले? चष्म्याचा नंबर लागताच ‘मंद’ ठरलेली मुले हुशार झालेली आमच्या शाळेनेही पाहिली आहेत. प्रयोगशाळेत काचेचे भांडे फुटते, तेव्हा ‘कोणी फोडले?’ याआधी ‘कसे फुटले?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाला वर्ग गप्प बसतो. दुसऱ्याला चार हात वर होतात.

दोषी कधीच नसतो, असे मला म्हणावयाचे नाही. जाणूनबुजून वाईट करणारी माणसे जगात आहेत, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु तो जाबही दोष नेमका कळल्यावरच नीट विचारता येतो. म्हणून, बालमित्रांनो, आयुष्यात तुमची गाडी कधी मिसिंग मारू लागली, तुमची स्वतःची किंवा तुमच्या हाती सोपविलेली दुसऱ्या कोणाची, तर प्रथम स्टूल ओढून बसा. कधीपासून, कोठे, काय बदलल्यावर, हे विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. आणि हो, काढलेले जुने भाग लगेच फेकून देऊ नका. खरे काय ते सांगायला पुष्कळदा तेच उपयोगी पडतात.